बांधायचं तर उडताना बांधा

घरात तिला सगळे वकील म्हणत. कोर्टाची पायरी तिने कधी चढली नव्हती, कायद्याचं एक पुस्तकही घरात नव्हतं. पण बोलायला लागल्यापासून ती "का?" विचारायची, आणि उत्तर मिळालं की "पण मग..." म्हणून पुढचा प्रश्न काढायची. एकदा दमूनभागून आलेल्या बाबांनी तिच्यापुढे अक्षरशः हात जोडले. "वकीलसाहेब, कोर्ट उठवा आता. आरोपीला झोप आलीय." नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे ती विमान चालवायला शिकली, व्यावसायिक पायलटचा परवाना काढला, पण शेजारीपाजारी विचारायचे ते असंच, "काय हो, तुमच्या वकीलला विमान मिळालं की नाही?"

तर ते मिळालं नव्हतं. या धंद्यात ते अगदी नेहमीचं. कंपनीला अनुभवी माणूस हवा असतो, अनुभव विमानात बसल्याशिवाय येत नाही, आणि अनुभव नसलेल्याला विमानात कुणी बसवत नाही. या चक्रात वकीलची तीन वर्षं गेली. ती एका फ्लाइंग स्कूलच्या ऑफिसात फोन घ्यायची आणि नव्या पोरांना नकली कॉकपिटमध्ये बसवून बटणं ओळखायला शिकवायची. सुटीच्या दिवशी बाबांच्या ट्रकवर. बाबांचा धंदा घरसामान हलवण्याचा. तीन दारांचं कपाट अरुंद जिन्यावर कसं तिरकं धरायचं, काचेचं टेबल गाद्यांच्या मध्ये कसं झोपवायचं, हे तिला विमानाच्या आधीपासून येत होतं. दंड तिचे पायलटपेक्षा हमालाला शोभतील असे, आणि त्याचा तिला अभिमान होता.

आणि अचानक एकाच आठवड्यात दोन नोकऱ्या चालून आल्या. दोन्ही मालवाहू कंपन्या.

पहिली निळी कंपनी. तिच्या विमानांच्या शेपट्या निळ्या, म्हणून सगळे निळीच म्हणायचे. जेट विमानं, काचेचं ऑफिस, छातीवर पट्टी असलेला युनिफॉर्म. दुसरीचं नाव लांबलचक होतं, पण ते फक्त पाटीवर. लोक तिला बहीण-भावाची कंपनी म्हणायचे, कारण बहीण मालक होती आणि भाऊ मुख्य पायलट. त्यांच्याकडे पुढे एकच पंखा असलेली दोन छोटी विमानं होती. जिथे मोठं विमान उतरू शकत नाही अशा गावांना ती पंपाचे भाग, औषधं, टायर, वह्या-पुस्तकं असलं काहीबाही पोचवायची.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखी होती. बाँड. प्रत्येक जातीच्या विमानासाठी वेगळं शिकावं लागतं, ते शिकवणं महाग असतं, तो खर्च कंपनी करते. बदल्यात पायलटने लिहून द्यायचं की मी तीन वर्षं सोडून जाणार नाही, गेले तर भरपाई देईन. म्हणजे सही चुकीच्या जागी पडली, तर ज्या वर्षांत उडायचं ती वर्षं अडकून पडण्यात जाणार. पुन्हा निवडायची संधी येईल तोवर तिच्या हातचं जे काही शिल्लक आहे त्यालाही गंज चढलेला असेल. निळ्या कंपनीला शुक्रवारी संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं.

बुधवारी जेवणाच्या टेबलावर दोन्ही करार पसरून ती बसली, तेव्हा आईने भांडं ठेवायला जागा शोधत विचारलं, "यात विचार करण्यासारखं काय आहे?"

आई एका हॉस्पिटलच्या धुलाई विभागाची सुपरवायझर. रोज डोंगराएवढ्या चादरी तिच्या हाताखालून जायच्या आणि सुरकुती तिला माणसाच्या कपाळावरही सहन व्हायची नाही.

"निळ्यांचं जेट आहे," आई म्हणाली. "कॅन्टीन आहे. आजारी पडलीस तर डॉक्टर आहे. आणि त्या दुसऱ्यांकडे काय आहे? एक पंखा. एक! तो बंद पडला तर?"

"तर विमान तरंगत खाली येतं, आई. दगडासारखं पडत नाही."

"तरंगत कुठे येतं?"

"जिथे जागा असेल तिथे."

"ऐकलंत?" आई बाबांकडे वळली. "जिथे जागा असेल तिथे! आपली मुलगी म्हणजे पतंग आहे का?"

बाबा जेवत होते. जेवताना ते निर्णय देत नसत.

"मला मोठ्या गाडीचं कौतुक सांगू नका," शेवटी पाणी पिऊन ते म्हणाले. "मोठी गाडी यार्डात उभी असली, तर ड्रायव्हर तिच्यात झोपतो. एवढाच तिचा उपयोग. गाडी फिरते किती, ते विचार."

"कुणाला विचारू? कंपन्यांना? त्या म्हणणार, फिरते, फिरते."

"जो चालवतो त्याला विचार. मी काय मालकाला विचारून ट्रक घेतला होता का? त्याच्या जुन्या ड्रायव्हरला चहा पाजला."

वकीलने लगेच फोन उचलला. तिच्या बरोबर शिकलेली एक मैत्रीण, उंचीमुळे सगळे तिला शिडी म्हणायचे, ती वर्षभरापूर्वीच निळ्या कंपनीत लागली होती.

दुसऱ्या दिवशी निळ्यांच्या कॅन्टीनमध्ये दोघी भेटल्या. शिडी कडक इस्त्रीच्या युनिफॉर्ममध्ये आली. पाच-सहा टेबलांवर तसेच कडक युनिफॉर्म बसले होते, सगळे तरुण, सगळ्यांच्या पुढ्यात फोन. दुपारची वेळ होती आणि कुणालाही कुठे जायची घाई दिसत नव्हती.

"काय थाट आहे गं!" वकील म्हणाली. "जेट कसं आहे?"

"मस्त."

"उतरताना जड वाटतं का हाताला?"

शिडीने चमचा कपात फिरवला. साखर कधीच विरघळली होती.

"सिम्युलेटरमध्ये वाटलं नाही," ती म्हणाली.

"सिम्युलेटर नाही, खरं विमान."

"खऱ्यात अजून... म्हणजे मागे बसते मी. बघते. माझं रिलीज व्हायचंय."

आता हे रिलीज प्रकरण असं असतं. सिम्युलेटरचं शिक्षण झालं, परीक्षा झाली, तरी कंपनीच्या तपासनीस पायलटने बरोबर बसून काही फेऱ्या करून घ्याव्या लागतात. मग तो लिहून देतो, ही तयार आहे, हिला कामाला लावा. त्याला रिलीज म्हणतात. निळ्यांकडे तपासनीस होते दोन, आणि शिकाऊ किती ते या कॅन्टीनमध्येच दिसत होतं.

"किती दिवस झाले थांबून?"

"दिवस नको विचारूस."

"बरं, महिने."

"वकील, सुरू झालीस ना तू!" शिडी हसली, पण हसू ओठांवरच राहिलं. "होईल गं. सगळ्यांचं होतं. माझ्या पुढे चारच जण आहेत."

"म्हणजे तीन वर्षांतलं एक तर बसूनच गेलं."

शिडीने इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "गेलं नाही. सुरूच झालेलं नाही."

"काय सुरू झालं नाही?"

"बाँड. तीन वर्षं रिलीजच्या तारखेपासून मोजतात. आत्ता मी आहे ती... अशीच आहे. सोडलं तर भरपाई पूर्ण, थांबलं तर मोजणी नाही."

वकीलने पर्समधून करार काढून तिथल्या तिथे उघडला. सातवं कलम. शब्द सभ्य होते, 'रिलीज, अर्थात स्वतंत्र कामकाजाच्या परवानगीच्या दिनांकापासून' वगैरे. काल रात्री तिने ते वाचलं होतं आणि चांगलं वाटलं होतं. आता समोर शिडी बसली होती, तेव्हा त्या शब्दांना चेहरा आला.

"तू सही करताना विचारलं नाहीस?"

"कुणी विचारतं का गं असलं? मागे रांग लागलेली असते. आपण विचारायला लागलो की ते म्हणतात, पुढचा." शिडीने कॉलर सरळ केली. "आणि हे बघ, युनिफॉर्म आहे. पगार येतो, थोडा का होईना. घरचे खूश आहेत. तू सही कर. दोघी बसू इथे."

"दोघी बसू!" वकील म्हणाली. "अगं, बसायलाच शिकायचं होतं तर आपण विमान कशाला शिकलो?"

शिडी यावर खरंच हसली. मग पटकन डोळे पुसले आणि म्हणाली, "जा बाई तू. तुझ्याशी बोललं की त्रास होतो."

शुक्रवारी सकाळी वकील बहीण-भावाच्या कंपनीत पोचली. विमानतळाच्या मागच्या टोकाला, इंधनाच्या टाक्या ओलांडून, पत्र्याचं एक हँगर. दाराशी उलट्या क्रेटवर पांढऱ्या मिश्यांचा एक माणूस चहा पीत बसला होता. हाच भाऊ, म्हणजे मुख्य पायलट. त्याने अर्ध्या गावाला विमान शिकवलं होतं म्हणून त्याला मास्तर म्हणत.

"आलीस? बरं झालं," मास्तर म्हणाले. "मुलाखत घेऊ."

"कुठे बसू?"

"बसू कशाला? ते विमान भर."

विमान उन्हात उभं होतं, मागचं रुंद दार उघडं. बाजूला हातगाड्यांवर माल. शेजारी एक काटकुळा माणूस हातमोजे चढवत होता. इथला हमाल, आणि त्याचं नाव पैलवान.

"आमच्याकडे पायलट स्वतः माल भरतो," मास्तर म्हणाले. "पैलवान मदत करेल, पण सल्ला देणार नाही. तसा नियम आहे. काय पैलवान?"

"आपलं तोंड बंद," पैलवान म्हणाला.

वकीलला आनंद झाला. बाह्या सरसावल्या. आधी तक्ता बनवला: पंपाचे लोखंडी भाग सगळ्यात जड, ते पुढे, पंखांच्या जवळ; औषधं आणि वह्या हलक्या, त्या मागे. विमानात वजन कुठे ठेवलं याला फार महत्त्व. मागे जास्त झालं तर ते उडताना नाक वर काढतं आणि ऐकेनासं होतं. तिने हिशेब दोनदा तपासला, मास्तरांना दाखवला. मास्तरांनी मान हलवली.

मग ती कामाला लागली, आणि काय लागली! खोका उचलला की मांडीचा आधार, मग छाती, मग आत. खोक्याला खोका असा बसवत होती की मध्ये पोस्टकार्ड जाऊ नये. पैलवान नुसता बघत राहिला. "ताई, कुठे शिकलात?" "घरी!" ती म्हणाली. तिला वाटलं, आजचा दिवस आपला आहे. हात आपोआप चालत होते.

आणि तीच तर गोम होती. हात आपोआप चालत होते. ते हात ट्रकवर तयार झालेले. ट्रकचा नियम एकच: जे शेवटच्या मुक्कामाला उतरायचं ते आधी, आत खोलवर, जे पहिल्या मुक्कामाला उतरायचं ते शेवटी, दाराशी. आज औषधं आणि वह्या शेवटच्या गावाला जायच्या होत्या. लोखंडी पंप पहिल्याच गावाला. कागदावर तिने लिहिलं होतं एक, आणि हातांनी भरलं दुसरंच. हलका माल सगळा पुढे जाऊन बसला होता, आणि आता ती घामाघूम होऊन लोखंडाची तिसरी पेटी दाराशी सरकवत होती.

"टक."

आवाज शेपटीकडून आला. विमानाच्या शेपटीखाली, माल भरताना, एक लोखंडी टेकू उभा करून ठेवतात. विमान त्याच्यावर टेकलं होतं. वकीलने पुढे बघितलं. पुढचं चाक जमिनीला जेमतेम लागलेलं, आणि पंखा आभाळाकडे तोंड करून, जणू कुणीतरी कान धरून मागे ओढल्यासारखा.

टेकू नसता तर विमान बुडावर बसलं असतं.

मग ती मोठ्याने म्हणाली, "थांबा. माझी चूक आहे. सगळं उलट भरलंय."

तिने खाली उडी मारली, पैलवानाकडे बघितलं. "तुम्हाला दिसत नव्हतं?"

"दिसत होतं," पैलवान म्हणाला. "मला वाटलं, नवीन पद्धत असेल."

हसता हसता मास्तरांचा चहा सांडला. "का गं, उलट का भरलंस? तक्ता तर बरोबर होता."

"तक्ता पायलटने केला. माल ट्रकवालीने भरला. पहिल्या गावाचा दाराशी."

"आणि विमानात?"

"विमानात तोलाप्रमाणे. पहिल्या गावाला हलकं सगळं खाली उतरवायचं, आतलं जड बाहेर काढायचं, हलकं परत चढवायचं. दुप्पट काम." ती मास्तरांकडे वळली. "तुम्ही ओरडला का नाहीत?"

"टेकू कशासाठी असतो? नव्या माणसासाठी. जुना माणूस विसरला तर मी ओरडतो." मास्तर उठले. "आता काढ सगळं आणि परत भर. दुपारी ते उडायचंय."

तिने सगळं काढलं. परत भरलं. या वेळी प्रत्येक खोक्यापाशी थांबून, हातांवर विश्वास न ठेवता. नाकाचं चाक जमिनीला घट्ट टेकलं तेव्हा तिचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि केसांत भुसा होता.

"चल, बहिणीकडे," मास्तर म्हणाले. "मुलाखत संपली."

"पास?"

"ते मी नाही ठरवत. मी फक्त विमान चालवतो."

बहीण म्हणजे मालकीणबाई, पत्र्याच्या केबिनमध्ये, टेबलावर फाइली आणि एक हीटर जो उन्हाळ्यातही काढलेला नव्हता. जाडसर चष्मा, केस आखूड. मास्तर आत शिरताच त्या म्हणाल्या, "धाकट्या, बूट पूस." आणि पंचावन्न वर्षांच्या, अर्ध्या गावाच्या गुरूने मुकाट्याने बूट पुसले.

"भरता येतं हिला," मास्तर म्हणाले. "चुकते, पण स्वतः बोलते."

"बस मुली. आज दोनच्या फेरीला जाशील याच्याबरोबर बघायला? सही केलीस तर. सही नसलेला माणूस विमानात बसला तर विमा चालत नाही." मालकीणबाईंनी करार पुढे सरकवला, वर पेन ठेवलं.

वकीलने पेन उचललं, पण सही करायला नाही. सातव्या कलमावर टेकवलं.

"एक विचारू?"

"विचार."

"हा करार तुम्ही लिहिलाय?"

मालकीणबाईंनी चष्मा वर केला. "का?"

"कारण नवव्या पानावर लिहिलंय, 'जेट विमानाच्या प्रशिक्षणाचा खर्च'. तुमच्याकडे जेट कुठंय?"

मास्तर खोकला आला म्हणून खिडकीकडे वळले. खोकला बराच वेळ चालला.

"मोठ्या कंपनीचा बघून उतरवून घेतला," मालकीणबाई सरळ म्हणाल्या. "आम्हाला कुठे वकील परवडतो?"

"मला घरी वकीलच म्हणतात."

"दिसतंच आहे. बोल पुढे."

"सातवं कलमही त्यांचंच. तीन वर्षं रिलीजपासून मोजायची. त्यांच्याकडे माझी मैत्रीण आहे. वर्ष झालं, रिलीज नाही. म्हणजे तिचा एकही दिवस मोजलेला नाही. तुमची दोन विमानं. त्यातलं एक दुरुस्तीला गेलं तर माझं शिक्षण थांबणार. मग मी पण बसणार, आणि मोजणी पण बसणार. मला मोजणी आजपासून हवी."

बाहेर पैलवान टेकू काढत होता, त्याचा खणखणाट आला.

"मुली," मालकीणबाई म्हणाल्या, "आत्ता तासाभरापूर्वी तू माझं विमान बुडावर बसवत होतीस."

"टेकूवर."

"आणि आता माझ्याच टेबलाशी बसून मलाच अटी घालतेस?"

"माझी चूक मी लपवली नाही ना?" वकील म्हणाली. हे लोक 'नाही' म्हणाले, तर संध्याकाळी निळ्यांपुढे निमूट सही करणं, एवढंच उरणार होतं. "मग या कागदातली कशी लपवू? सही करून मनात कुढत बसण्यापेक्षा आत्ताच बोललेलं बरं."

"तुला माहीत आहे आधीच्या दोघांचं काय झालं?" मालकीणबाईंचा आवाज बदलला. "याने शिकवलं. पोटच्या पोरासारखं शिकवलं. हात बसल्याबरोबर दोघेही मोठ्या कंपन्यांत गेले. एकाने तर फोनवर सांगितलं. निरोप घ्यायलाही आला नाही. म्हणून हा कागद."

मास्तर खिडकीतून बाहेरच बघत राहिले. त्यांच्या पाठीवरूनही कळलं की तो फोन त्यांना आला होता.

वकीलला हे ठाऊक नव्हतं.

"मग बांधा मला," ती म्हणाली. "बांधू नका असं कुठे म्हणतेय मी? पण बांधायचं तर उडताना बांधा. बसवून बांधू नका. बसवून ठेवलेला माणूसच पळायच्या वाटा शोधतो."

मालकीणबाईंनी भावाकडे बघितलं. "धाकट्या?"

"मला काय विचारतेस? तू मालकीण."

"रोज न विचारता चार गोष्टी सांगतोस, आज विचारलं तर तोंड शिवलंय."

"मग ऐक," मास्तर वळले. "ती पोरगी बरोबर बोलतेय. विमान दुरुस्तीला गेलं तर तो आपला प्रश्न. तिचा कशाला करायचा?"

मालकीणबाईंनी बोटांनी टेबलावर ठेका धरला. मग म्हणाल्या, "आजपासून मोजू. पण तीन नाही, साडेतीन वर्षं. दुरुस्तीचे दिवस तुझ्या माथी मारायचे नाहीत, तर माझ्याही एकटीच्या माथी नकोत."

साडेतीन. वकीलच्या डोळ्यांसमोर कॅन्टीनमधले ते सगळे फोन आले. तिथे आकडा तीनच होता, पण त्याला टोक नव्हतं. इथे आकडा मोठा होता, आणि त्याची तारीख ती भिंतीवर लिहू शकली असती.

"चालेल," ती म्हणाली. "आणि मूळ परवाना तुमच्याकडे जमा करायचा असं यात लिहिलंय, तो मी करणार नाही. नक्कल देईन."

"अजून आहे का काही यादीत?"

"नवव्या पानावरचं जेट खोडा."

आता मात्र मालकीणबाई हसल्या. हसताना त्या अगदी भावासारख्या दिसत होत्या.

"मला पाच मिनिटं द्या," वकील म्हणाली. "एक फोन करायचाय. निळ्यांना न विचारता त्यांना नाही म्हणणं बरोबर नाही."

"फोनचं सांगून पळणार नाहीस ना?" मास्तर म्हणाले, आणि लगेच ओशाळले.

"इथेच दारात उभी राहून करते. दिसेन तुम्हाला."

निळ्यांच्या एचआरवाल्या बाई फार गोड बोलल्या. हो, सातवं कलम माहीत आहे. नाही, बदलता येत नाही. का? कारण सगळ्यांना तेच आहे.

"पण ते ठरवतं कोण? त्यांच्याशी बोलता येईल?"

"मॅडम, ते सिस्टीममध्येच तसं आहे."

"सिस्टीममध्ये कुणीतरी टाकलं असेल ना?"

पलीकडे कळफलकाचा आवाज आला, मग थांबला. "मॅडम, असं आजवर कुणी विचारलेलं नाही. मी कुणाकडे पाठवू, हेच मला कळत नाहीये." बाईंचा आवाज खरोखरच अडचणीत सापडल्यासारखा वाटला. "तुमचं उत्तर काय लिहू?"

त्या बिचारीचा काही दोष नव्हता. वकीलला एकदम लख्ख कळलं की दोन्ही टेबलांवर कागद तोच होता. फरक इतकाच की एका टेबलाच्या पलीकडे कुणीतरी बसलेलं होतं.

"नाही लिहा," ती म्हणाली. "आणि आभार."

केबिनमध्ये मालकीणबाईंनी पेनाने सातव्या कलमावर रेघ मारली, वर नव्या ओळी लिहिल्या, बाजूला सही केली. जेट खोडलं. वकीलने प्रत्येक ओळ वाचली, मोठ्याने, शब्द न् शब्द, आणि मालकीणबाईंनी जराही घाई केली नाही. मग तिने सही केली. साक्षीदार म्हणून मास्तरांनी सही केली, आणि पैलवानालाही बोलावलं.

"मी कशाला?" पैलवान हातमोजे काढत म्हणाला.

"उद्या ही म्हणाली मी विमान कधी उलट भरलंच नाही, तर तू साक्षीला हवास," मास्तर म्हणाले.

दोन वाजता विमान उडालं. वकील उजव्या खुर्चीत, हात मांडीवर. आज कशालाही हात लावायचा नाही, नुसतं बघायचं, मास्तरांनी बजावलं होतं. तीन वर्षांत पहिल्यांदाच जमीन खाली सरकली. इंधनाच्या टाक्या, निळ्या शेपट्या, रस्ते, सगळं लहान होत गेलं, आणि पंख्याच्या घरघरीत तिला हसूच आवरेना.

"दात दिसतायत," मास्तर हेडफोनमधून म्हणाले.

"दिसू देत."

पहिल्या गावाची धावपट्टी खडीची. उतरल्यावर तिने आणि मास्तरांनी मिळून हलका माल खाली काढला, लोखंड बाहेर ओढलं, हलका परत चढवला. दुप्पट काम. मास्तर पंपाच्या पावत्यांवर सह्या घेत होते, तेवढ्यात तिने फोन लावला.

"आई, सही केली."

"निळ्यांकडे?"

"नाही."

पलीकडून धुलाईच्या यंत्रांची घरघर ऐकू आली.

"आई? बोल ना."

"काय बोलू? केलीस ना सही. नीट वाचून केलीस?"

"मोठ्याने वाचली. खोडाखोडी करून घेतली. माझ्या शब्दांत."

"त्यांनी करू दिली?"

"हो."

"हं." आईच्या या 'हं'मध्ये बऱ्याच गोष्टी घडी घालून ठेवल्यासारख्या होत्या. "आणि हा एवढा वारा कसला? कुठे आहेस तू?"

वकीलने आजूबाजूला पाहिलं. खडीची पट्टी, वाऱ्याची दिशा दाखवत फडफडणारी नारिंगी पिशवी, पंप ओढत नेणारी दोन माणसं, आणि मागे उभं असलेलं विमान.

"कामावर," ती म्हणाली.

"आजच? आज तर मुलाखत होती ना?"

"झाली. आता कामावर आहे. अजून एक गाव बाकी आहे, आई. ठेवते."